रामशास्त्री रजेवर असताना

एखादा न्यायाधीश निवृत्त झाला, एखाद्या कडक तहसीलदाराची अवेळी बदली झाली, कुणी ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला तोंडावर हिशेब विचारला, की मराठी माणसाला एकच उपमा सुचते : रामशास्त्री बाणा. उपमा चांगली आहे. पण तिच्यामागची गोष्ट आपण अर्ध्यावर सोडतो, आणि माझी तक्रार त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे.

पहिली अर्धी शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, 'ध'चा 'मा' कसा झाला याचा माग काढला, आणि ज्यांच्या हाती आता सगळा कारभार आला होता त्या राघोबादादांनाच सांगितलं की या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही. मग शास्त्रीबुवा पुणं सोडून वाईकडच्या एका खेड्यात निघून गेले, असं परंपरा सांगते.

आता उरलेली अर्धी. ते निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी काय झालं? काहीच नाही. राघोबादादा पेशवेच राहिले. त्यांना खाली खेचलं ते सखारामबापू, नाना फडणीस वगैरे बारभाईंच्या राजकारणाने. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर त्यांना मुलगा झाला आणि जेमतेम चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. मुलगी झाली असती तर? निकाल तोच राहिला असता आणि गादीवर बहुधा राघोबादादाही. पुढे ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेचा तह केला. (सत्ता डळमळली की सुरत गाठायची ही वाट मराठी राजकारणात बरीच जुनी आहे. तिच्यावर परत यायचं आहेच.)

थोडक्यात, निकाल होता, अंमलबजावणी नव्हती. न्यायाधीशाला नेमणारा पेशवा, वेतन देणारा पेशवा, काढणाराही पेशवाच. आणि आरोपी तोच. अशा वेळी शास्त्र्यांच्या हाती एकच हत्यार उरलं होतं, निघून जाण्याचं. ते त्यांनी वापरलं, म्हणून आपण अडीचशे वर्षं त्यांचं नाव घेतो. पण न्यायाधीशाने घर गाठलं की सत्तेला लगाम बसतो, असं थोडंच आहे?

इंग्लंडमध्ये हाच प्रसंग दीडशे वर्षं आधी घडून गेला होता. नोव्हेंबर १६०७ मध्ये राजा पहिला जेम्स म्हणाला, कायदा जर बुद्धीवर उभा आहे तर बुद्धी मलाही आहे, मग खटल्यांचा निवाडा मी का करू नये? न्यायाधीश एडवर्ड कुकने उत्तर दिलं की महाराजांना बुद्धी आहे, पण कायद्याची जाण वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने येते. आणि राजा माणसांच्या वर असला तरी ईश्वराच्या आणि कायद्याच्या खालीच आहे. कुकने स्वतः लिहून ठेवलेल्या हकिकतीत तो ताठ उभा आहे. त्या वेळच्या एका पत्रात मात्र राजा संतापल्यावर तो जमिनीवर लोटांगण घालत असल्याचं वर्णन आहे. मला ही दुसरी हकिकत जास्त आवडते, कारण राजाच्या मर्जीवर ज्याची नोकरी आहे त्या माणसाचा कणा किती वेळ ताठ राहणार? अखेर १६१६ मध्ये राजाने कुकला काढून टाकलंच.

पण इंग्रजांनी कुकचे पुतळे उभारून गोष्ट तिथेच सोडली नाही. मधे यादवी झाली, एका राजाचं डोकं उडालं, दुसरा पळून गेला, आणि १७०१ च्या कायद्यात एक रुक्ष कलम आलं : न्यायाधीशाचं वर्तन नीट असेतो त्याला राजा काढू शकणार नाही, काढायचं तर पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी मागणी करायला हवी. वेतनही ठरलेलं. कुक गेल्यापासून पंचाऐंशी वर्षांनी त्याच्या खुर्चीला भक्कम पाय मिळाले. शनिवारवाड्यातल्या खुनाच्या बहात्तर वर्षं आधीची ही गोष्ट आहे. आपल्याकडे शास्त्रीबुवांचा बाणा उरला, तसं कलम मात्र कुणी लिहिलं नाही.

म्हणून एखादी राज्यघटना चांगली की वाईट हे ठरवताना मी तिच्या उद्देशिकेपासून सुरुवात करत नाही. मी विचारतो, या खुर्चीवर चुकीचा माणूस बसला तर त्या दिवशी नेमकं काय चालू राहील?

इथे कुणीतरी हमखास डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण पुढे करतं. घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं होतं. वाक्य खरं आहे, पण आपण ते सोयीने वापरतो. घटनेत काही दुरुस्त करायला नको, माणसं सुधारली की झालं, असा त्याचा अर्थ काढतो. त्याच्या वर्षभर आधी, ४ नोव्हेंबर १९४८ ला, मसुदा मांडताना याच आंबेडकरांनी केलेला युक्तिवाद अगदी उलट दिशेचा आहे. मसुदा फार लांबलचक आहे, कारभाराचे बारीकसारीक तपशील घटनेत कशाला, अशी टीका होत होती. त्यांचं उत्तर असं की सांविधानिक नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. तोवर कारभाराचे नियम विधिमंडळाच्या भरवशावर सोडण्यापेक्षा घटनेतच लिहून ठेवलेले बरे. माणसांच्या चांगुलपणावर त्यांचा विश्वास होता की नाही हा भाग वेगळा. घटना लिहिताना त्यांनी तो गृहीत धरला नव्हता.

न्यायालयांच्या बाबतीत हे गृहीत न धरणं किती शहाणपणाचं होतं, ते सत्तरच्या दशकाने दाखवलं. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा काठावरच्या बहुमताने सांगितलं की संसद घटना दुरुस्त करू शकते, तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. दुसऱ्याच दिवशी शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या बहुमतातल्या तीन ज्येष्ठांना डावलून विरोधी बाजूला असलेल्या न्या. राय यांना सरन्यायाधीश नेमण्यात आलं. तिघांनी राजीनामे दिले. तीन वर्षांनी, २८ एप्रिल १९७६ ला, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येते का असा प्रश्न आला तेव्हा पाचांपैकी चौघे 'नाही' म्हणाले. एकटे न्या. खन्ना 'येते' म्हणाले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनाही डावललं गेलं, आणि त्यांनीही राजीनामा दिला. पुन्हा तेच निघून जाणं. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले न्या. यशवंतराव चंद्रचूड होते, हे रामशास्त्र्यांच्या गावाने विसरू नये. त्यांच्याच चिरंजीवांनी २०१७ मध्ये खासगीपणाच्या निकालात तो निवाडा चूक ठरवला, म्हणजे दुरुस्तीला एकेचाळीस वर्षं लागली.

यातून जे शिकलो त्यातलं थोडं घटनेत उतरलं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीची व्याख्या घट्ट केली. 'अंतर्गत अशांतता' हा सैल शब्द जाऊन 'सशस्त्र उठाव' आला, मंत्रिमंडळाचा सल्ला लेखी हवा झाला, संसदेची मान्यता महिन्याभरात आणि विशेष बहुमताने घ्यावी लागू लागली. १९९४ मध्ये बोम्मई खटल्यातल्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की मुख्यमंत्र्यांकडे बहुमत आहे की नाही हे राजभवनात ठरणार नाही, सभागृहात मोजलं जाईल. या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे. एका माणसाच्या 'समाधाना'वर सोडलेला प्रश्न काढून घेऊन तो मोजता येईल अशा गोष्टीवर आणून ठेवला : डोकी, दिवस, लेखी कागद.

आणि नेमका याच्या उलटा प्रवास आपण पक्षांतराच्या बाबतीत केला.

मूळ घटनेत आमदाराच्या अपात्रतेचा प्रश्न, म्हणजे लाभाचं पद वगैरे, १९२ व्या कलमाखाली राज्यपालांकडे जातो. पण राज्यपालांना आधी निवडणूक आयोगाचं मत घ्यावं लागतं आणि त्याच मताप्रमाणे वागावं लागतं. म्हणजे शिक्का राज्यपालांचा, निर्णय सभागृहाबाहेरच्या यंत्रणेचा. १९८५ च्या जानेवारीत दोन दिवसांत ५२ वी घटनादुरुस्ती संमत झाली, दहावं परिशिष्ट आलं आणि पक्षांतर करणाऱ्या आमदाराचा निवाडा सभागृहाच्या अध्यक्षांकडे दिला गेला. अध्यक्ष निवडून येतो सत्ताधारी बहुमतावर, आणि बहुमत विरोधात गेलं की खुर्ची जाते. १९९२ मध्ये किहोतो होलोहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था तीन विरुद्ध दोन मतांनी उचलून धरली. बहुमतातल्या तिघांनी अध्यक्षपदाच्या परंपरेचा आणि प्रतिष्ठेचा दाखला दिला. न्या. शर्मा आणि न्या. वर्मा या दोघांचं म्हणणं साधं होतं : ज्याचं पद बहुमताच्या मर्जीवर टिकतं, त्याला बहुमत कुणाचं या भांडणात न्यायाधीश करता येणार नाही.

त्या दोघांचं म्हणणं किती बरोबर होतं हे कळायला महाराष्ट्राला तीस वर्षं लागली. २० जून २०२२ च्या रात्री शिवसेनेचे आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. राज्यपालांनी बहुमत चाचणीचा आदेश दिला, न्यायालयाने स्थगिती नाकारली, २९ जूनच्या रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला आणि ३० जूनला एकनाथ शिंदे यांचा शपथविधी झाला. ३ जुलैला नवे अध्यक्ष निवडले गेले, अर्थात नव्या बहुमतावर. ११ मे २०२३ ला घटनापीठाने सांगितलं की राज्यपालांचा तो आदेश समर्थनीय नव्हता आणि अध्यक्षांनी नव्या प्रतोदांना दिलेली मान्यताही बेकायदा होती. मात्र ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाले असल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही. आणि अपात्रतेचं काय? ते पुन्हा त्याच अध्यक्षांकडे, 'वाजवी मुदतीत' ठरवण्यासाठी. निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. कुठल्याच गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. विधानसभेची मुदत संपायला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं.

निकाल बरोबर की चूक यात मी शिरत नाही. समजा तो शंभर टक्के बरोबर होता. तरी ज्या सरकारचं अस्तित्व त्या निकालावर टांगलेलं होतं, त्याच सरकारच्या बहुमताने बसवलेला पंच तो देणार आणि दीड वर्षाने देणार, याला न्याय म्हणायला जीभ अडखळते.

ही एका बाजूची कुरकुर वाटू नये म्हणून थोडं मागे जाऊ. त्याआधीच्या सरकारच्या काळात अध्यक्षांची खुर्ची फेब्रुवारी २०२१ पासून सतरा महिने रिकामीच होती. आवाजी मतदानाने निवड करण्यासाठी सरकारने नियम बदलला, राज्यपाल तारीख देईनात. जुलै २०२१ मध्ये तालिका अध्यक्ष (अध्यक्ष नसताना कामकाज चालवणारे सदस्य) आसनावर असताना सभागृहाने भाजपच्या बारा आमदारांना थेट वर्षभरासाठी निलंबित केलं. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. विधान परिषदेवर नेमायच्या बारा जणांची यादी मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये राजभवनाला पाठवली होती. तिच्यावर 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. सरकार गेलं तरी ती तशीच होती. इतक्या सगळ्या खुर्च्यांवर रामशास्त्री कुठून आणायचे?

ब्रिटनमध्ये कॉमन्सचा सभापती निवडून आल्यावर पक्ष सोडतो आणि पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष सहसा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. आपल्याकडे १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी लोकसभेचे सभापती झाल्यावर काँग्रेसचा राजीनामा दिला होता. गंमत म्हणजे दहाव्या परिशिष्टातच यासाठी दार ठेवलेलं आहे. त्याचा पाचवा परिच्छेद सांगतो की निवडून आल्यावर अध्यक्षांनी पक्ष सोडला तर ते पक्षांतर मानलं जाणार नाही, आणि पद गेल्यावर ते पुन्हा पक्षात येऊ शकतात. दार उघडं आहे, पण बाहेर पडायला कुणाला फारसं आवडत नाही. २००८ मध्ये सोमनाथ चटर्जी यांनी 'सभापती पक्षाचा नसतो' असं धरून पद सोडायला नकार दिला, तर पक्षाने त्यांनाच बाहेर काढलं.

दक्षिण कोरियाने हे सौजन्यावर सोडलेलं नाही. तिथे सभापतीला पदावर असेपर्यंत कुठल्याही पक्षाचं सदस्य राहता येत नाही, तसा कायदाच आहे. त्याचा उपयोग ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दिसला. राष्ट्राध्यक्ष युन सक-योल यांनी रात्री साडेदहाच्या सुमारास दूरचित्रवाणीवर लष्करी कायदा पुकारला. सैनिक संसदेच्या आवारात उतरले. सदुसष्ट वर्षांचे सभापती कुंपणावरून चढून आत गेले, खासदारही तसेच. कर्मचाऱ्यांनी दाराशी खुर्च्या-टेबलं रचली, आग विझवायच्या नळकांड्यांतून सैनिकांवर फवारे मारले. आतले सदस्य लवकर मतदान घ्या म्हणून ओरडत असताना सभापती ठराव रीतसर दाखल होईपर्यंत थांबले. पद्धतीत चूक नको, असं त्यांचं म्हणणं होतं. पहाटे एकच्या सुमारास तीनशेपैकी १९० सदस्य हजर होते आणि १९० मतं ठरावाच्या बाजूने पडली. त्यात राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचेही अठराजण होते. त्यांच्या घटनेचं ७७ वं कलम म्हणतं की एकूण सदस्यांच्या बहुमताने मागणी केली तर राष्ट्राध्यक्षाने लष्करी कायदा उठवलाच पाहिजे. पहाटे साडेचारच्या सुमारास तो उठला. पुढे महाभियोग झाला आणि ४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाच्या आठही न्यायमूर्तींनी युन यांना पदावरून दूर केलं.

या यशाचं सगळं श्रेय कलमाला देणं भाबडेपणाचं होईल. बाहेर थंडीत हजारो लोक जमले होते, सैनिकांनी हात आखडता घेतला, आणि १९८० साली ग्वांगजूमध्ये लष्कराने केलेली कत्तल त्या देशाच्या डोक्यातून गेलेली नाही. तरीही कलमाचा घाट पाहा. परिस्थिती खरोखर गंभीर होती का, हे कुणी ठरवायचं नव्हतं. कुणाचं समाधान व्हायचं नव्हतं. दीडशेच्या वर हात मोजायचे होते, बस.

आता मुदतीबद्दल, कारण लगाम सुटतो तो बहुतेक वेळा तिथेच. १७८७ च्या अमेरिकी घटनेत लिहिलं आहे की विधेयक हाती आल्यावर राष्ट्राध्यक्षाने रविवार सोडून दहा दिवसांत ते परत पाठवलं नाही आणि काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, अधिवेशन चालू असलं, तर सहीविना ते कायदा होतं. आपल्या घटनेलाही ही युक्ती माहीत आहे. राज्यसभेने धन विधेयक चौदा दिवसांत परत केलं नाही तर ते दोन्ही सभागृहांत संमत झालं असं मानतात. पण राज्यपालांच्या संमतीपाशी आलो की भाषा एकदम सैल होते. संमती द्यायची, रोखून धरायची की विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवायचं, एवढंच कलम सांगतं. परत पाठवायचं तर 'शक्य तितक्या लवकर'. राष्ट्रपतींच्या संमतीच्या मूळ मसुद्यात सहा आठवड्यांची मर्यादा होती, ती काढून 'शक्य तितक्या लवकर' घालण्याची सुधारणा खुद्द आंबेडकरांनी मांडली. माणसांवर भिस्त न ठेवणाऱ्या माणसाने एवढी एक फट ठेवली, आणि पुढे सगळा वारा तिथूनच आला. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींनी मुदती आखून दिल्या. नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिलं की घटनेत नसलेल्या मुदती न्यायालय घालू शकत नाही. मला ते मत पटतं. नाइलाजाने पटतं. फट घटनेत आहे, ती बुजवायचं काम घटनादुरुस्ती करू शकणाऱ्यांचं आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. लोकांनी निवडलेल्या सभागृहाच्या डोक्यावर किती बिननिवडलेले पंच बसवायचे? न्यायाधीश निवडणाऱ्या न्यायवृंदाचा (कॉलेजियमचा) कारभार बंद दाराआड चालतो, त्याला कोण विचारतं? आणि निवडणूक आयोगाकडे द्यावं म्हटलं, तर मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने आयुक्त निवडायच्या समितीत सरन्यायाधीशांना बसवलं होतं, आणि डिसेंबरमधल्या कायद्याने त्यांना उठवून तिथे केंद्रीय मंत्री बसवला. पंचाचा पंच पुन्हा सरकारचाच. म्हणूनच नवा पवित्र पंच शोधण्याच्या मी फारशा बाजूचा नाही. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायमस्वरूपी लवादाचा विचार करा असं संसदेला सुचवलं; तो आला तर उत्तम. नाही आला तरी एक छोटं वाक्य परिशिष्टात पुरे आहे : अर्ज आल्यापासून नव्वद दिवसांत अध्यक्षांनी निर्णय दिला नाही, तर प्रकरण आपोआप उच्च न्यायालयाकडे जाईल. अध्यक्ष कुणाचाही असो, न बोलण्यात त्याचा फायदा राहणार नाही.

हे वाक्य लिहायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे सत्ताधारी आणि विरोधक दोघांना एकत्र यावं लागेल. ३१ जुलै २०२५ ला तेलंगणाच्या प्रकरणात न्यायालयाला अध्यक्षांना पुन्हा तीन महिन्यांची मुदत घालावी लागली, आणि ही व्यवस्था ठीक आहे का याचा विचार करा असं संसदेला पुन्हा सांगावं लागलं. तिथले आमदार भारत राष्ट्र समितीतून काँग्रेसकडे गेले होते. हैदराबादेत काँग्रेसला घाई नव्हती, मुंबईत भाजप आणि शिंदे गटाला नव्हती. मुदत मागणारे दोन्हीकडे विरोधी बाकांवर होते.